द्वारकाबाई नक्षीनवीस यांनीं बिनतारी माऊस पसंत केला त्याची हकीकत

श्रीगजवदन, मूषकवाहन, सकळ कळांचा धनी, त्याचे चरणीं मस्तक ठेवून, आणि वाचणारांचे हात, मनगटें व बोटें सुखरूप राहोत ऐसें मागणें मागून, लिहिणार लिहितो वर्तमान ऐसीजे. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयीं डोंगराआडील एका राज्यांत, ज्याचें नांव लिहावयाची आम्हांस आज्ञा नाहीं, राजकन्येचे लग्नाची सिद्धता चालली होती. राज्य लहान, महाराज सकाळीं घोड्यावर बसून निघाले तर दुपारचें जेवण परमुलखांत व्हावें, इतकें लहान. परंतु तेथील रेशमी शालू चहूं मुलखीं नांवाजलेले, आणि त्या शालूंचे पदरांवर जी नक्षी येई ती आधीं द्वारकाबाई नक्षीनवीस यांचे हातून संगणकावर उतरे, आणि मग मागावर जाई.

द्वारकाबाईंचें वय पन्नाशीपलीकडील, अंगलट लहानखुरी, हाताचे पंजे तर परकरी पोरीएवढे, आणि स्वभाव इतका मऊ कीं वाटेंत कोणाचा पाय पायावर पडला तरी आपणच म्हणावें, "असूं द्या, लागलें नाहीं." त्यांचे तीर्थरूप चौकटीचे कागदावर शाईनें नक्षी काढीत, तोच हुन्नर बाईंनीं संगणकावर नेला. पडद्यावर बारीक घरांची जाळी असे, एक घर म्हणजे एक धागा, आणि माऊस त्या घरावर नेऊन बोटानें टक् करून दाबिलें कीं तें घर रंगें. ऐशीं घरें अगणित भरावीं तेव्हां वेलीचें एक पान उमटे. लग्नाचे शालूस मोरांचा पदर असावा ऐसें दरबारांत ठरलें, दिवाणजींनीं तें मोठ्या हौसेनें ठरविलें, आणि बाई कामास बसल्या. मोर उतरूं लागले खरे, परंतु शालूंचे कारखान्यांतील माऊस जुना, शेपटीचा, अंगानें विटेसारखा. त्याची तार बाईंच्या बांगड्यांत गुंते, ती सोडवावी तों पुन्हां गुंते, आणि बोट दाबावयास जोर इतका लागे कीं दिवस मावळतां मनगटापासून निघालेली कळ कोंपरापर्यंत चढे. बाई पदराखालीं हात चोळीत आणि कोणास बोलत नसत.

बाईंचे यजमान नारोपंत हे महाराजांचे मुदपाकखान्याचे दारोगे. शेंकडों पानें चाकरांकडून वाढवून घेणारा मनुष्य, त्याची नजर वाढणाऱ्याचे हाताकडे आधीं जावयाची. एके दिवशीं घरीं जेवतां जेवतां त्यांनीं पाहिलें कीं बाई आमटी डाव्या हातानें वाढीत आहेत, आणि पळी कांपत आहे. ते म्हणाले, "अग, उजवा हात दाखव." बाई म्हणाल्या, "कांहीं नाहीं हो. थंडीनें आंखडला असेल." नारोपंत म्हणाले, "थंडी अजून वेशीपाशींच आहे. तुझ्याच हातांत कुठून शिरली?" तेव्हां बाईंनीं हात पुढें केला, मनगट टचटचीत सुजलेलें, आणि डोळ्यांत पाणी आणून बोलल्या, "अहो, बाहेर बोलूं नका कुठें. दिवाणजी म्हणतील, बाई थकल्या, नक्षी बाहेरून करून आणा. माझे अर्धे मोर झाले आहेत. तेवढे पुरे होऊं द्या." नारोपंतांनीं शब्द दिला, आणि त्या दिवसापासून घरच्या भाकऱ्या आपण थापूं लागले. जन्मभर दुसऱ्यांकडून स्वयंपाक करविलेला मनुष्य. भाकरी कधीं चौकोनी होई, कधीं तिला पाय फुटत. बाई म्हणत, "छान झाली."

परंतु दुखणें लपवून लपतें किती. राजकन्या, जिला सर्व राज्य ताईसाहेब म्हणे, ती आपला पदर पाहावयास कारखान्यांत आली, बाईंनीं अदबीनें चहाचा पेला पुढें केला, आणि पेला हातून सुटून ताईसाहेबांचे पायापाशीं फुटला. बाई तुकडे वेंचूं लागल्या तों ताईसाहेबांनीं त्यांचा हात धरला आणि बाई कळवळल्या. ताईसाहेब म्हणाल्या, "बाई, हें कधींपासून?" ताईसाहेब तिथेंच फरशीवर बसल्या, तुकडे आपण वेंचूं लागल्या, आणि मग बाईंनीं जें होतें तें सांगितलें. ताईसाहेबांनीं तेच क्षणीं राजवैद्यांस बोलाविलें, त्यांनीं शेक सांगितला, मनगटास पट्टी बांधिली, आणि निक्षून म्हणाले, "औषध मी देईन, परंतु रोज हातांत हा दगड असेल तर माझें औषध काय करील? दुसरा माऊस आणा, तार नसलेला, हाताजोगा." हें महाराजांचे कानीं गेलें. महाराज मायाळू, त्यांनीं भर दरबारीं आज्ञा केली कीं नक्षीनवीस बाईंकरितां रोजचे कामास सोसेल आणि हातास सुख देईल ऐसा बिनतारी माऊस पैदा करावा, आणि काम बाईंचेंच राहील, बाहेर जाणार नाहीं. बाईंच्या जिवावरचा भार उतरला. तिथूनच दुसरा चढला, तो ऐसा.

आज्ञा होतांच दरबारांतील तीन थोर मनुष्यें, एकमेकांस न सांगतां, तीन वाटांनीं निघालीं, आणि तिघेही माऊस घेऊन सदरेवर आले. आधीं सेनापती आले. त्यांनीं आणिलेला माऊस दांडगा, काळाकभिन्न, अंगावर जिकडेतिकडे बटणें, आणि पोटांतून लाल, निळे, हिरवे दिवे लखलखत, जणूं दिवाळींतील आकाशकंदील. सेनापती मिशीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, हा रणांगणींचा आहे. लढाईचे खेळ खेळणारे हाच वापरतात. धरा!" बाईंनीं धरिला, तों बोटें त्याचे पाठीवरच संपलीं, पुढच्या बटणांपर्यंत पोंचेनात. परंतु सेनापती कौतुकानें पाहात होते, बाई म्हणाल्या, "छान आहे." मग दिवाणजींनीं रेशमी रुमालांतून आपला काढिला, तो पांढराशुभ्र, पापडासारखा चपटा, बंडीचे खिशांत जाईल ऐसा. त्याची एक तऱ्हा अशी कीं वीज भरावयाची जागा पोटावर, म्हणून भूक लागली कीं त्यास उताणें निजवावें लागे आणि तोंवर काम खोळंबे. बाईंनीं त्यावर हात ठेविला, तळवा अधांतरीं लोंबूं लागला, बोटें खेंकड्यासारखीं वळलीं. दिवाणजी म्हणाले, "केवढा नाजूक!" बाई म्हणाल्या, "फार छान." शेवटीं राजवैद्यांनीं झोळींतून काढिला तो माऊस उभाच्या उभा, जणूं कोणी हात मिळवावयास पुढें केला आहे. वैद्यबुवा म्हणाले, "असा धरला कीं मनगट पिळलें जात नाहीं." आणि खरोखर बाईंस त्यानें मनगट हलकें वाटलें, मन आशेनें भरलें; परंतु बोट दाबितांच माऊस आडवा सरके आणि मोराचा डोळा मोराचे मानेवर जाऊन बसे. वैद्यबुवा बिचारे वांकून विचारीत होते, "बरें वाटतें ना?" बाई म्हणाल्या, "छान आहे, बुवा."

झालें. तिघांनींही आपलाच माऊस पसंत जाहला ऐसें घरोघर सांगितलें. शिलेदार सेनापतींकडचे, कारकून दिवाणजींकडचे, आणि जेवढे म्हणून गुडघेदुखीचे व पाठदुखीचे होते तेवढे वैद्यांकडचे, ऐशा तीन फळ्या पडल्या, आणि चावडीवर वादावादी होऊं लागली. बाईंची तारांबळ काय सांगावी? खिडकींतून सेनापतींचा फेटा दिसला कीं दिवेवाला माऊस मेजावर यावा आणि बाकी दोन खणांत जावे. दिवाणजींचें खांकरणें ऐकूं आलें कीं दिवेवाला खणांत आणि पापड वर. वैद्यबुवा रोज शेकाची पिशवी घेऊन येत, त्यांचे वेळीं उभा. आणि कोणी नसे तेव्हां बाईंनीं पुन्हां तो जुना शेपटीचाच धरावा, कारण मोर त्यावरच नीट येत. मोर पुढें सरकत होते. कळ खांद्यापर्यंत गेली होती.

मग एके सकाळीं बाई आरशापुढें बसल्या आणि अंबाडा घालावयास हात वर जाईना. पुष्कळ वेळ बसून शेवटीं त्यांनीं नारोपंतांस हांक मारिली, "अहो, एवढे केस बांधून देतां?" नारोपंतांनीं बांधिले. अंबाडा कसला, गवताची पेंढी. ती आरशांत पाहून बाई म्हणाल्या, "छान झाला." हा शब्द ऐकतांच नारोपंत, ज्यांनीं संसारांत कधीं आवाज चढविला नव्हता, फणी खालीं आपटून बोलले, "पुरे तुझें छान! तो दिव्यांचा छान, तो चपटा छान, उभा छान, माझी भाकरी छान, हा अंबाडाही छान! मग दुखतें कुणाला? अग, हात तुझा आहे, दरबारचा नव्हे!" बाई म्हणाल्या, "मग काय म्हणूं? एवढे मोठे लोक हौसेनें आणतात." नारोपंत म्हणाले, "बरें, मोठे लोक राहूं देत. माझ्या भाकरीपासून आरंभ कर. मी रुसून माहेरीं जाणार नाहीं. कशी असते? खरें सांग." बाई मग भिंतीकडे पाहात हळूच म्हणाल्या, "कच्ची असते, हो. मधोमध." नारोपंत म्हणाले, "आणि कडेला?" "कडेला करपते." आणि बाईंस जें हंसू फुटलें तें आवरेना, ती पेंढी सुटून केस पाठीवर आले, आणि नारोपंतही पाटावर बसून हंसूं लागले. हंसणें सरल्यावर त्यांनीं केस पुन्हां हातीं घेतले, ह्या खेपेस नुसती वेणी घातली, आणि म्हणाले, "चल. आज कारखान्यांत मागाहून जा. आधीं बाजार."

राज्याचे बाजारपेठेंत सकीनाबी बोहरीण हिचें दुकान होतें; संगणकाचें सामान, घड्याळें, दिवे, सर्व कांहीं तिजपाशीं मिळे. बाईंनीं तीस हकीकत सांगितली. सकीनाबीनें गिऱ्हाईक दरबारचें ऐसें पाहून वरचे फळीवरील सोनेरी पाठीचा माऊस काढिला आणि म्हणाली, "हा न्या, बाई. सदरेवर शोभून दिसेल." बाईंनीं हात ठेविला. पाठ गुळगुळीत, हात घसरे. ओंठांवर तो नेहमींचा शब्द आला होता. नारोपंत दुकानाचे पायरीवर उभे राहून मुद्दाम रस्त्याकडे पाहात होते. बाईंनीं माऊस परत सारला आणि म्हणाल्या, "नको. शोभायला नाहीं, धरायला हवा आहे." सकीनाबीस राग आला नाहीं, कांहींच आलें नाहीं, तिनें "बरें" म्हणून तो परत फळीवर ठेविला. नको म्हटलें आणि आभाळ कोसळलें नाहीं, याचा बाईंस इतका विस्मय वाटला कीं त्यांनीं खुर्ची ओढली, आणि मग एकामागून एक माऊस मागूं लागल्या. हा जड, नको. ह्याचें चाक खरखरतें, नको. हा चांगला, परंतु टक् असा वाजतो कीं शेजारचा माग थबकेल, नको. सकीनाबी काढून देई, बाई डोळे मिटून हात ठेवीत, जरा इकडेतिकडे फिरवीत, आणि परत करीत. असें करतां करतां एक हाताखालीं आला, आणि बाईंचा खांदा, जो कित्येक दिवस कानाशीं चिकटला होता, आपोआप खालीं उतरला. पाठीचा उंचवटा तळव्याखालीं नीट बसला, अंगठ्यास टेंकावयास जागा, बोटें लांब पसरून बटणांवर निजलीं, आणि दाबिलें तों आवाज नाहींसाच, जणूं पिकल्या फळावर बोट टेंकलें. बाईंनीं डोळे उघडून पाहिलें. रंग राखाडी, रूप कांहीं नाहीं, सोनें नाहीं, दिवा नाहीं. पोटांत एक लहानसा सेल, आणि संगणकास लावावयाची खुंटी नाकांतील चमकीएवढी. बाई म्हणाल्या, "हा." नारोपंत वळून म्हणाले, "छान आहे?" बाई म्हणाल्या, "छान नाहीं हो. बरा आहे. हाताला बरा आहे." आणि तोच घेतला.

त्या दिवशीं बाई कामास बसल्या त्या जेवणवेळेपर्यंत उठल्या नाहींत, आणि उठतांना त्यांस आठवलें कीं आज हाताची आठवणच जाहली नाहीं. परंतु सुख अर्धेंच, कारण चावडीवरील वाद महाराजांचे कानीं जाऊन दुसरे दिवशीं दरबार भरला, आणि महाराजांनीं पुसलें, "बाई, एकदां सर्वांपुढें सांगा. तिहींतील कोणता?" तिघे उभे राहिले. दरवाज्यापाशीं नारोपंत उभे होते, ते कांहीं खूण करीत नव्हते, नुसते उभे होते. बाई म्हणाल्या, "महाराज, अभय असावें. तिहींतील कोणताच नाहीं." मग एकदां तोंड उघडल्यावर बाई थांबल्या नाहींत, म्हणाल्या, "सेनापतीसाहेब, आपला मोठ्या पंजाचा आहे, माझीं बोटें त्याच्या पाठीवरच संपतात. दिवाणजी, आपला फार सपाट, हात अधांतरीं राहतो. वैद्यबुवा, आपल्यानें मनगट खरेंच निवळलें, पण बारीक घरावर तो ठरत नाहीं. मी बाजारांतून चौथा आणला. त्यानें हात दुखत नाहीं." सेनापतींचें तोंड लहान मुलासारखें झालें. ते म्हणाले, "मग त्या दिवशीं छान कां म्हणालांत, बाई?" बाई म्हणाल्या, "आपण आणलात म्हणून, साहेब. आणणें छानच होतें. धरणें नव्हतें." यावर सेनापतींनीं मिशी ओढिली, आणि म्हणाले, "हें मात्र समजलें."

आतां सर्व संपलें ऐसें वाटलें, तों स्त्रियांकरितां टांगलेल्या चिकाच्या पडद्याआडून ताईसाहेब उठल्या, आणि पुढें आल्या. त्या म्हणाल्या, "आबासाहेब, मलाही बोलायचें आहे. मला पदरावर मोर नको आहेत." दिवाणजींचे हातांतील विड्याचें तबक कलंडलें. महाराज म्हणाले, "मग काय हवें?" ताईसाहेब म्हणाल्या, "टिटव्या." दिवाणजी घाबरून बोलले, "ताईसाहेब, ती ओरडली तर लोक अपशकुन मानतात. लग्नाचे शालूवर?" ताईसाहेब त्यांस कांहीं बोलल्या नाहींत, महाराजांकडेच पाहून म्हणाल्या, "आईसाहेब असतांना मला तळ्यावर नेत. तिथें टिटवी उघड्या दगडखड्यांत अंडीं घालते, दिसत नाहींत, पाय पडेल म्हणून ती ओरडते. आईसाहेब मला लांब उभी करीत आणि म्हणत, थांब, तिचें घर आहे तिथें. मला तें अंगावर घेऊन सासरीं जायचें आहे." राणीसाहेब जाऊन पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं आणि दरबारांत त्यांचें नांव कोणी काढीत नसे, महाराजांस सोसवत नाहीं म्हणून. महाराज मग म्हणाले, "टिटव्याच काढा," आणि लगोलग उठून आंत गेले.

तेव्हां ताईसाहेबांचे ध्यानीं आलें कीं बाईंनीं सुजल्या हातानें काढिलेले सर्व मोर आतां वायां गेले. त्या धांवत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, रागावलांत?" एकेक पिसाचें एकेक घर, एकेक घराची एकेक कळ, सर्व बाईंच्या डोळ्यांपुढून गेलें. जुनी संवय म्हणाली, सांगून टाक, छे छे, लागलें नाहीं. परंतु बाई म्हणाल्या, "जिवाला लागलें, ताईसाहेब. फार लागलें. आज मला थोडें रडूं द्या. उद्यां टिटव्या काढूं." ताईसाहेबांनीं त्यांस मिठी मारिली, आणि दोघीही रडल्या, आणि दरबारी मंडळी पागोटीं सांवरीत इकडेतिकडे पाहूं लागली.

दुसरे दिवशीं दोघी तळ्यावर गेल्या, लांब उभ्या राहून पाहिलें. पिंवळे पाय, डोळ्यापुढची लाल गाठ, काळा गळा, पांढरें पोट, आणि खडे. मग बाई कामास बसल्या. दिवस थोडे, घरें अगणित, परंतु तो राखाडी माऊस हाताखालीं असा चाले कीं बाईंनीं मनांत आणावें आणि घर रंगावें. मधून मधून त्या उठत, हात झटकीत, वैद्यबुवांनीं सांगितलेला शेक घेत, कारण माऊस कितीही बरा असला तरी हात मनुष्याचा आहे, हें आतां त्यांस समजलें होतें. नक्षी मागावर गेली, विणकरांनीं विणिली, आणि पुढील संवत्सराचे वैशाखांत लग्न लागलें. पाठवणीचे वेळीं ताईसाहेब पायां पडावयास वांकल्या, पदर जमिनीवर पसरला, आणि महाराज त्याकडे पाहूं लागले. लोक म्हणत, टिटव्या किती हुबेहूब, पाय किती पिंवळे. महाराजांनीं वांकून पदरावर बोट ठेविलें, तें पक्ष्यांवर थांबलें नाहीं. तें कांठाजवळील खड्यांवरून हळूहळू फिरत गेलें आणि एके जागीं थबकलें. तेथें खड्यांचेच रंगांत, खड्यांहून अंमळ गोल, बाईंनीं चार अंडीं काढिलीं होतीं, जीं विणकरांसही दिसलीं नव्हतीं. महाराजांनीं मान वर करून गर्दींत द्वारकाबाईंस शोधिलें, आणि दोन्ही हात जोडिले.

एवंच क्रोधी नाम संवत्सरीं जो कलह उद्भवला तो गोडीनें मिटला. दिवेवाला माऊस सेनापतींनीं आपणांपाशीं ठेविला, पंजा त्यांचाच तेवढा होता. चपटा दिवाणजी प्रवासांत नेतात. उभा राजवैद्यांस फार मानवला आणि त्यांचीच पाठदुखी कमी जाहली. मोरांचें चित्र ताईसाहेबांनीं मागून नेलें, तें सासरीं त्यांचे देवघराचे भिंतीवर आहे. द्वारकाबाई अद्याप कारखान्यांत आहेत, हात बरा आहे. कोणी नवी वस्तु आणून पुढें ठेविली तर आधीं तीवर हात ठेवितात, मग बोलतात. जैसें घडलें तैसें लिहिलें, अधिक उणें वाचणारांनीं गोड करून घ्यावें.